दोन धुण्यांत चित्र का उतरतं?

मोबाइलवर एखाद्या परदेशी ब्रँडचा टी-शर्ट दिसतो. पांढरं अंग, पाठीवर एकच मोठा आकार, छातीला डावीकडे बोटभर अक्षरं. किंमत पाहिली की पहिला विचार येतो: एवढं तर आपण घरीही करू. मग फॅब्रिक कलरची बाटली येते, ब्रश येतो, रविवारची दुपार जाते आणि टी-शर्ट खरोखर छान दिसतो. दुसऱ्या धुण्यात चित्राला भेगा पडतात, चौथ्या धुण्यात सालपटं निघतात. त्यानंतर जो प्रश्न येतो तो ठरलेला असतो: कोणता रंग आणला असता तर टिकला असता?

रंगाचा दोष क्वचितच असतो. बाजारात मिळणारे बहुतेक फॅब्रिक कलर बरे असतात. बिघडतं ते बहुधा बाटली उघडण्याच्या आधी, कापड निवडताना, ते धुताना आणि आकार कापताना. म्हणून या प्रकरणात रंग लावायची वेळ फार उशिरा येईल.

१. आधी कापड

बुलढाणा जिल्ह्यात कापूस कुणाला समजावून सांगायला नको. पऱ्हाटी, वेचणी, जिनिंगमध्ये सरकीपासून सुटणारी रुई, तिच्या गाठी, हे सगळं पाहिलेलं असतं. खामगावची कापसाची बाजारपेठ एकेकाळी एवढी मोठी होती की १८७० साली जलंबहून फाटा काढून रेल्वे थेट खामगावात आणावी लागली. टी-शर्टचं कापड मात्र इथं होत नाही. त्याचं देशातलं मोठं ठाणं तमिळनाडूत, तिरुप्पूरला. विदर्भातला कापूस गाठींच्या रूपात दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांत जातो आणि टी-शर्ट होऊन आपल्या आठवडी बाजारात परत येतो.

धोतर किंवा शर्ट मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणतात. टी-शर्टचं कापड, ज्याला दुकानदार होजिअरी म्हणतो, ते एकात एक अडकवलेल्या फासांचं असतं, स्वेटरच्या विणीचं. म्हणून ते ताणलं जातं आणि सोडलं की परत येतं. आपल्याला इथंच सावध व्हायचं आहे. कापड ताणलं जाणार, तर त्यावरचा रंगही त्याच्याबरोबर ताणला गेला पाहिजे. जाड थर ताणला जात नाही, तडकतो. भेगांचं पहिलं कारण हे.

कापड निवडताना दोन गोष्टी पाहायच्या. एक, ते सुती आहे की नाही. शिवणीच्या आतून एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून त्याला काडी लावा. सुताचा धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्याचाच वास येतो, राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि टोकाला कडक मणी धरतं. दोन्ही झालं तर मिश्रण आहे. घरच्या कामाला सुती घ्या.

दुसरी गोष्ट जाडी. ती जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. हा आकडा घरी काढता येतो. जुन्या टी-शर्टमधून बरोबर १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापा. एका चौरस मीटरमध्ये असे १०० तुकडे बसतात, म्हणजे तुकड्याच्या वजनाला शंभराने गुणलं की झालं. तुकडा १.८ ग्रॅम भरला तर कापड १८० जीएसएमचं. एवढं बारीक वजन किराणा दुकानातल्या काट्यावर येणार नाही, सराफाच्या काट्यावर येईल. खामगावची मंडळी यात सुखी, त्यांच्या चांदीच्या बाजारात असे काटे पावलोपावली. १८०च्या आसपासचं कापड छापायला सोपं जातं. १४०च्या खालचं पातळ कापड रंग पाठीमागे झिरपू देतं. आजकाल फॅशनमध्ये असलेले ढगळ, खांदा खाली उतरलेले टी-शर्ट २२०-२४०चे असतात. ते छान पडतात, पण मे महिन्यात घाटाखाली घालून फिरायचं असेल तर विचार करा.

२. मग पाणी

नवा टी-शर्ट आणला की थेट छापायचा मोह होतो. तो आवरायचा. होजिअरी पहिल्या धुण्यात आटते. ७० सेंटीमीटर उंचीचा टी-शर्ट ५ टक्के आटला तर साडेतीन सेंटीमीटर जातात, उरतात साडेसहासष्ट. आता समजा, न धुता त्यावर २० सेंटीमीटरचं चित्र छापलं. खालचं कापड एक सेंटीमीटरने आटणार, वरचा रंग आटत नाही. मग तो सुरकुततो आणि सुरकुतीच्या रेषेवर सुटतो. शिवाय नव्या कापडाला कारखान्यात मऊपणासाठी काही ना काही लावलेलं असतं. रंग त्या थराला चिकटतो आणि थर धुतला गेला की त्याच्याबरोबर निघून जातो.

तेव्हा आधी धुवा. आणि इथं आपल्या जिल्ह्यापुरती एक खास सूचना. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला, बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही हे घराघरांत ठाऊक आहे. क्षार आणि साबण मिळून एक चिकट पांढुरका साका तयार होतो. बादलीच्या काठाला दिसतो तोच. तो कापडातही बसतो आणि रंग व धागा यांच्यामध्ये येतो. म्हणून या धुण्याला वडीचा साबण नको, डिटर्जंट पावडर घ्या, आणि शेवटचा पिळा गोड्या पाण्यातून काढा. त्यासाठी फिल्टरचं बादलीभर पाणी खर्ची घालायला हरकत नाही. कम्फर्टसारखं मऊ करणारं द्रावण या वेळी अजिबात नको. उजाला-नीळही नको.

३. रंग दोन जातींचे

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब पडला की हळदीचा डाग राहतो. वरण सुकून खरवडलं जातं, पण पिवळेपणा जात नाही, कारण हळदीतलं रंगद्रव्य धाग्याच्या आत शिरलेलं असतं. साबण लावला की ते लालसर होतं, कारण साबण अल्कधर्मी. उन्हात वाळत घातलं की हळूहळू फिकं पडतं. पण हाताला जाणवत नाही, डागावर बोट फिरवलं तर कापडच लागतं. असे आत शिरणारे रंग म्हणजे डाय.

फॅब्रिक कलर दुसऱ्या जातीचा. त्यातली रंगाची भुकटी, म्हणजे पिगमेंट, पाण्यात विरघळत नाही आणि धाग्याच्या आतही जात नाही. ती वर बसते. तिला धरून ठेवतं ते ॲक्रिलिकचं बंधक. पाणी उडून गेलं की बंधकाचे कण एकमेकांना चिकटून पातळ, लवचीक पापुद्रा होतो, आणि पिगमेंट त्यात अडकून पडतं. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरुवात केलेल्या कॅम्लिनचे कापडाचे रंग असोत की फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइटचे फेव्हिक्रिल, तत्त्व हेच.

यावरून शाळेच्या दप्तरातला पोस्टर कलर का चालत नाही हे कळतं. त्याचं बंधक डिंकाच्या जातीचं, पाण्यात परत विरघळणारं. पहिल्याच बादलीत रंग मोकळा होतो. भिंतीचा ऑइल पेंट उलट्या टोकाचा. तो जाणार नाही, पण पुठ्ठ्याइतका कडक होतो आणि वाकला की तडकतो.

क्रिकेट टीमच्या जर्सीवरची नावं कशी कधीच जात नाहीत, असा प्रश्न इथं हमखास येतो. ती जर्सी पॉलिस्टरची असते. कागदावर छापलेला खास रंग सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला दाबला की त्याची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. याला सब्लिमेशन म्हणतात. सुती कापडावर हे जमत नाही, त्यामुळे घरी नाद करू नका.

४. फॅशनकडून काय घ्यायचं

इथं माझं मत ठाम आहे. ब्रँडचं चिन्ह घ्यायचं नाही. एक तर ते आपलं नाही. ट्रेड मार्क कायदा १९९९ चा आणि कॉपीराइट कायदा १९५७ चा. नक्कल केलेला माल विकायला काढलात की दोन्ही अंगावर येऊ शकतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नक्कल केलेलं चिन्ह जरा वाकडं झालं तरी लगेच नकली दिसतं. आपण काढलेला आकार वाकडा झाला तर कुणाला कळतही नाही, कारण सरळ कसा असतो ते दुसऱ्या कुणी पाहिलेलंच नाही.

घ्यायची ती नजर. महागडा टी-शर्ट समोर धरून तीन गोष्टी पाहा: चित्र कुठे आहे, केवढं आहे आणि किती रंगांत आहे. बहुतेक वेळा उत्तर येतं की रंग एकच आणि मोकळी जागा भरपूर. १९८४ मध्ये लंडनच्या फॅशन डिझायनर कॅथरिन हॅमनेट ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर यांच्या समारंभात टी-शर्ट घालून गेल्या. पांढऱ्या कापडावर क्षेपणास्त्रांविरोधातलं एक वाक्य, अख्ख्या छातीवर पसरलेल्या ठळक काळ्या अक्षरांत. नक्षी नाही, चित्र नाही. थॅचरबाईंशी हस्तांदोलन करतानाचा फोटो जगभर गेला आणि त्यात वाक्य वाचता येत होतं. कमी करण्याचं बळ एवढं असतं.

चे गेव्हाराचं टी-शर्टवरचं चित्र हे दुसरं उदाहरण. अल्बर्तो कोर्दा या क्यूबन छायाचित्रकाराने त्यामागचा मूळ फोटो १९६० मध्ये काढला. १९६८ मध्ये आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिक या चित्रकाराने त्यातल्या करड्या छटा काढून टाकल्या, राहू दिलं ते फक्त काळं आणि कोरं. आपल्याकडेही शिवरायांच्या टी-शर्टवर पाहा: जिरेटोपाची रेषा, दाढी आणि कपाळावरचं गंध एवढ्यावर ओळख पटते. हे घरी करायचं तर फोटो मोबाइलच्या एडिटरमध्ये उघडा, रंग काढा, कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत ओढा. जे काळं राहील ते छापायचं, बाकी सोडायचं. फोटो मात्र स्वतः काढलेला घ्या.

५. अक्षराचं पोट गळून पडतं

आता कापायचा आकार, म्हणजे स्टेन्सिल. दिवाळीत दारात वापरायचा रांगोळीचा छापा आठवा. पत्र्याला भोकं, भोकातून रांगोळी खाली, बाकी पत्रा अडवतो. स्टेन्सिल तेच करतं, फक्त भोकं मोठी. आणि भोकं मोठी झाली की एक अडचण येते जी रांगोळीच्या ठिपक्यांत येत नाही.

‘व’ कापून पाहा. काठाकाठाने कटर फिरवलं की मधलं गोल पोटही निघून हातात येतं आणि उरतं एक भलंमोठं छिद्र. अक्षर गेलं. त्या सुटलेल्या तुकड्याला बेट म्हणू. बेट जागेवर ठेवायचं तर त्याला काठाशी जोडणारी चिंचोळी पट्टी, म्हणजे पूल, राखावी लागते.

देवनागरीत बेटं फार. ‘बुलढाणा’ हा शब्द घ्या. ‘ब’मध्ये तिरक्या रेघेमुळे पोटाचे दोन भाग, म्हणजे दोन बेटं. ‘ल’ मोकळा. ‘ढ’च्या आतल्या गाठीत एक लहान बेट. ‘ण’ वरून शिरोरेषेने बंद होतो, तिथं एक. काने मोकळे. एकूण चार बेटं, निदान चार पूल. आता शिरोरेषाच काढून टाका. ‘ण’ वरून उघडा झाला, त्याचं बेट गेलं, उरली तीन. म्हणून शिरोरेषा नसलेली अक्षरं स्टेन्सिलला सोयीची पडतात आणि दिसायलाही आधुनिक वाटतात. ‘म’ आणि ‘भ’ शेजारी ठेवून पाहिलं तर हाच फरक दिसतो: ‘म’ला शिरोरेषा झाकते, ‘भ’ला ती डावीकडे तुटलेली असते, म्हणून ‘भ’चा मोठा भाग सुटत नाही.

हात चांगला असेल तर अक्षरं स्वतः काढा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं ज्या तऱ्हेने काढली, ती पाहणं हा यातला उत्तम वर्ग आहे. प्रत्येक नाटकाला त्याच्या स्वभावाचं अक्षर. हाताचा भरवसा नसेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत आणि मोकळ्या परवान्याचे आहेत. ‘बालू’ जाड आणि गोलसर, म्हणून कटरला सोपा. बारीक टोकांचा फॉन्ट घेऊ नका, त्या टोकांखाली रंग घुसतो.

६. लोणार, अठरा सेंटीमीटरांत

चित्रासाठी लांब जायचं कारण नाही. लोणारचं विवर वरून पाहिलं तर वर्तुळातलं वर्तुळ. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आतल्या पाण्याचा साधारण १.२. एका सेंटीमीटरला १०० मीटर असं प्रमाण धरलं तर टी-शर्टवर बाहेरचं वर्तुळ १८ सेंटीमीटर आणि आतलं १२. पाठीवर हे माप नेमकं बसतं. कंपासपेटी पुरते, फोटोचीही गरज नाही.

आतली तबकडी गुलाबी करा. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी खरंच गुलाबी झालं होतं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. त्यांच्यात गुलाबी रंगद्रव्य असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून हे कारण सांगितलं. त्यामुळे हा रंग सजावटीचा नाही, खराखुरा लोणारचा आहे. बाहेरचं वर्तुळ अर्ध्या सेंटीमीटरच्या काळ्या रेषेत. ती रेषा पूर्ण कापली तर आतलं सगळंच बेट होतं, म्हणून तीन ठिकाणी बोटाच्या पेराएवढे पूल सोडा. तुटक वर्तुळ सलग वर्तुळापेक्षा चांगलंच दिसतं.

कुणाला विवराचा आडवा छेद काढावासा वाटेल. त्याच प्रमाणात हिशेब करा: खोली सुमारे १५० मीटर, म्हणजे दीड सेंटीमीटर. अठरा सेंटीमीटर रुंद आणि फक्त दीड खोल! काठावर उभं राहिलं की जे अंगावर येतं, ते कागदावर इतकं उथळ निघतं. चित्रात खोली तिप्पट केली तरी लोणारचा माणूस तक्रार करणार नाही.

७. आता रंग

स्टेन्सिलला जुनी एक्स-रे फिल्म फार उत्तम. पातळ असते, भिजत नाही, धुऊन पुन्हा वापरता येते. काचेवर ठेवून कटरने कापा. वळणावर कटर फिरवण्यापेक्षा फिल्म फिरवा.

टी-शर्टच्या आत पुठ्ठा सारा, म्हणजे रंग पाठीला लागणार नाही. पुठ्ठा कापड ताणेल एवढा रुंद नको. ताणून छापलं की सोडल्यावर चित्र आखडतं. स्टेन्सिल टेपने बसवा. स्पंजचा तुकडा रंगात बुडवायचा नाही, झाकणात थोडा रंग पसरून त्यावर टेकवायचा, आणि आधी वर्तमानपत्रावर दोनदा टिपायचा. मग कापडावर सरळ वरून खाली, टिप टिप. घासलं की रंग फिल्मखाली जातो आणि काठ पिसारतो. ओला काठ पुसायला जाऊ नका, डाग वाढतो. पहिला थर इतका पातळ हवा की मन खट्टू व्हावं. तो सुकल्यावर दुसरा.

रंग घट्ट वाटला तर पाणी घालावंसं वाटतं. पाण्याने बंधक विरळ होतं आणि रंग धाग्यांतून पसरतो. त्याऐवजी दुकानात मिळणारं मीडियम घाला. काळ्या टी-शर्टवर थेट गुलाबी लावला तर तो मळकट दिसतो, आधी पांढऱ्याचा थर द्यावा लागतो. म्हणजे चार पातळ थर, म्हणजे कडकपणा. पहिला टी-शर्ट पांढरा किंवा फिका घ्या.

उन्हाळ्यात घाटावर आणि घाटाखाली एकच वेळापत्रक चालत नाही. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी झाकणातला रंग टिपेपर्यंत साय धरतो आणि त्या सायीचे कण कापडावर उठतात. तिथं काम सकाळी उरका, आणि पंखा बंद ठेवा.

८. इस्त्री

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि म्हणूनच मूळ प्रश्न उरतो. रंग हाताला सुका लागला म्हणजे पापुद्रा पक्का झाला असं नव्हे. उष्णतेने बंधकाचे कण एकमेकांत नीट मिसळतात आणि पापुद्रा सलग होतो. छापल्यावर एक दिवस जाऊ द्या. मग टी-शर्ट उलटा करून, सुती कापडाच्या खुणेवर, वाफ न सोडता इस्त्री. एका जागी दाबून ठेवायची नाही, फिरवत राहायची, आणि बाटलीवर लिहिलेली वेळ घड्याळ लावून पाळायची. अंदाजाने केलं तर नेहमी कमी होतं. पुढे तीन दिवस पाणी लावू नका. धुताना उलटा करा, गार पाणी घ्या, आणि चित्रावर ब्रश किंवा मोगरी चालवू नका.

९. पन्नास हवे असतील तर

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवाला जाणाऱ्या तरुणांच्या गटांना एकसारखे टी-शर्ट हवे असतात. तिथं फिल्म आणि स्पंज पुरे पडत नाहीत, पाच-सात टी-शर्टनंतर काठ लोळतो. मग स्क्रीन करायची. लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारा थर. वर चित्र काळ्यात छापलेली पारदर्शक फिल्म ठेवून उजेड दाखवला की काळ्याखालचा भाग कच्चा राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. तिथून रंग उतरतो. गंमत अशी की स्क्रीनमध्ये बेटांची कटकटच राहत नाही. ‘व’चं पोट जाळीलाच चिकटून राहतं, पूल नको.

तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका छापणारा माणूस ही स्क्रीन करून देतो. त्याला कापडासाठी हवी असं आधीच सांगा. कागदाची जाळी फार बारीक असते, तिच्यातून कापडाला पुरेल एवढा रंग उतरत नाही. फिल्मवरचं चित्र काळं कुळकुळीत हवं, करडं चालणार नाही. रंगही त्याला पाण्यावरचा, कापडाचा वापरायला सांगा. आणि डिसेंबर उजाडतानाच जा, नंतर त्याच्याकडे जयंतीच्या ऑर्डरींची रांग लागलेली असते.